अकरा महिन्यांच्या करारावर अकरा वर्षं

काकू, आम्ही अकरा वर्षं कर्वेनगरमध्ये भाड्याने राहतोय. हे चौथं घर. मी ३९ वर्षांची, इथल्याच शाळेत शिक्षिका. नवरा ४२ चा, चाकणच्या कंपनीत. दोघांचे मिळून हातात सव्वा लाख येतात. मुलगी सातवीत. भाडं २६ हजार, डिपॉझिट १ लाख. मालक दुबईला, त्यांचा भाचा दर अकरा महिन्यांनी करार करायला येतो. आमच्याच बिल्डिंगमधला अगदी असाच फ्लॅट मागच्या महिन्यात १ कोटीला गेला. आमची शिल्लक १८ लाख.

दिराने मोशीला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या पंगतीत आत्याबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही अजून भाड्यानेच का गं?" परतताना गाडीत सासरे म्हणाले, "कराडजवळची सव्वा एकर विकू, पण तुमचं घर होऊ दे." नवऱ्याला वाटतं घ्यावं. मला झोप लागत नाही. दर वेळी हलताना वाटतं, परत उचलायचंच आहे, म्हणून माळ्यावरचे दोन खोके मी गेल्या दोन्ही घरांत उघडलेच नाहीत. आम्ही चुकलो का?

— एक भाडेकरू, पुणे

नमस्कार.

भाड्याने राहिलात म्हणून काही चुकलं नाही. असं १ कोटीचं घर आत्ता घेऊ नका, आणि सासऱ्यांना जमीन तर मुळीच विकायला लावू नका. चूक झाली आहे, पण ती तुम्ही विचारता आहात ती नाही. तिच्याकडे येते. आधी आकडे, कारण मी सव्वीस वर्षं बँकेत घरकर्जाच्या टेबलावर बसलेली बाई आहे आणि आकड्यांशिवाय मला बोलता येत नाही.

तुमच्या पत्रात एक फार सोयीची गोष्ट आहे. एकाच बिल्डिंगमध्ये तेच घर: भाड्याने २६ हजार, विकत १ कोटी. म्हणजे वर्षाचं भाडं ३ लाख १२ हजार, किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास. १ कोटीच्या घराला बँक साधारण ७५ लाख देईल. ८ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता ६२,७०० च्या जवळ येतो. त्यातही यजमान बेचाळीसचे. कंपनीत निवृत्ती ५८ ला असेल आणि बँकेने मुदत तिथवरच, म्हणजे १६ वर्षं दिली, तर हप्ता ६९ हजारांवर जातो. सव्वा लाखातले ६९ हजार! शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा कर, मुलीची दहावी-बारावी.

उरलेले २५ लाख तुम्ही घालायचे. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ७ लाख. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर एक टक्का सूट. नोंदणीचे ३० हजार. मुद्रांकाचे पैसे बँक कर्जात धरत नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात. पंख्यांपासून ट्रॉल्यांपर्यंतचा खर्च मी अजून धरलेलाच नाही. तुमच्या १८ लाखांत हे बसत नाही, म्हणून तर सव्वा एकरचा विषय निघाला.

"भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा" हे वाक्य आत्याबाईंनी उच्चारलं नसलं तरी त्यांच्या प्रश्नाच्या पोटात तेच आहे. मग पहिल्या हप्त्याचा हिशोब बघा. ७५ लाखांवर ८ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं बरोबर ५० हजार. २० वर्षांचा पहिला हप्ता ६२,७०० चा, त्यातले ५० हजार व्याजात गेले आणि घराच्या किमतीत जेमतेम पावणेतेरा हजार जमा झाले. २६ हजार पाण्यात गेले म्हणायचं, तर हे ५० हजार कुठल्या विहिरीत गेले? हे मी टेबलापलीकडच्या जोडप्यांना कागदावर लिहून दाखवायची. साहेबांना आवडायचं नाही.

आता जमिनीबद्दल, आणि इथे जरा थांबते. सासरे मोठ्या मनाने बोलले, पण सातबारा काढून बघा. जमीन वडिलोपार्जित असेल तर तीत दिराचा हिस्सा आहे, नणंद असेल तर तिचाही आहे. एका मुलाच्या घरासाठी सगळी विकली, तर आज वास्तुशांतीला पेढा भरवणारी माणसं पाच वर्षांनी काय बोलतील ते मी सांगायला नको. दुसरं म्हणजे, महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. घराण्यात तेवढीच सव्वा एकर असेल आणि ती गेली, तर पुढे पैसे आले तरी कराडला परत गुंठाभर शेत घेणं तुमच्या मुलीला जड जाईल. पुण्यातला फ्लॅट दहा वर्षांनीही मिळेल, महाग मिळेल, पण मिळेल. सासऱ्यांना हे तुम्ही नका सांगू, यजमानांना सांगू दे. "बाबा, तुम्ही म्हणालात हेच खूप झालं" एवढ्याने सुरुवात करावी.

आत्याबाईंचा "अजून" मला खटकला, कारण त्यांना वाटतं तुम्ही एकट्याच मागे राहिलात. बँकेत शेवटची सात-आठ वर्षं मी उलटं चित्र बघत होते. चाळिशीतली, दोन पगारांची, हप्ता कधी न चुकवणारी माणसं चौकशीला यायची, कागद न्यायची आणि परत यायची नाहीत. भाडं आणि हप्ता यांच्यातली दरी हे पहिलं कारण, ते वर आलंच.

दुसरं कारण तुमच्याच घरात आहे. यजमान चाकणला, तुम्ही कर्वेनगरला. मोशीचा फ्लॅट स्वस्त पडला असता आणि चाकणला जवळही, पण रोज मोशीहून कर्वेनगरला येऊन सकाळची शाळा गाठायची म्हणजे काय, ते तुम्ही मनात करून बघितलंच असेल. आमच्या वेळी घरात एक पगार असायचा आणि तो बहुधा एकाच ऑफिसातून निवृत्त व्हायचा. आता दोन पगार, शहराच्या दोन टोकांना, आणि त्यातलं एक टोक दर चार वर्षांनी हिंजवडीहून खराडीला उडी मारणार. अशा घराला वीस वर्षांसाठी एका जागी खुंटी ठोकायची छाती होत नाही.

तिसरं, बांधकाम चालू असलेलं घर घ्यावं तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि व्याज दोन्ही भरायचं, वर ५ टक्के जीएसटी. २०१७ पासून बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा आलं, तक्रारीला जागा झाली, हे चांगलंच. तरी माझ्यासमोर एक जोडपं चार वर्षं दोन्ही भरताना म्हातारं झालेलं मी पाहिलं आहे. आणि चौथं, ज्याचा विचार कुणी करत नाही: प्राप्तिकर. घर घ्या, कर वाचेल, असं सांगून आम्ही कितीतरी कर्जं दिली. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जव्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आहे. नव्या प्रणालीत ती नाही, आणि पगारदार मंडळी हळूहळू नव्या प्रणालीत चालली आहेत. तो गूळच गेला.

तुमच्या जिन्यात जरा चौकशी करा, आणखी एक प्रकारचे भाडेकरू सापडतील. कोथरूड, कर्वेनगर, डहाणूकर कॉलनीतल्या जुन्या तीन मजली सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. तिथल्या मालकांना बिल्डर तोवरचं भाडं देतो आणि नेहमीचा वाणी, डॉक्टर, नातवाची शाळा सुटू नये म्हणून ते त्याच दोन गल्ल्यांत घर शोधतात. तुमचं भाडं वाढतंय त्याला ही मागणीही कारण आहे. पण गंमत बघा, लिफ्टमध्ये भेटणारे ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ कागदोपत्री मालक, आणि राहतात तुमच्यासारखेच भाडेकरू म्हणून. त्यांना कुणी पंगतीत विचारत नाही.

आणि भाड्याने राहण्यात कमीपणा आहे, हे आपल्यात आलं कधी? माझं बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्यांत गेलं. वाड्यात चौदा बिऱ्हाडं. आमचं भाडं महिना १७ रुपये, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेलं. मुली सांगून यायच्या, मुलं सांगून यायची, पण जागा स्वतःची आहे का हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. गिरगावात तर चाळीच्या खोलीत तीन-तीन पिढ्या झाल्या. मराठी मध्यमवर्ग मुळात बिऱ्हाडकरूच.

मात्र त्याचं दुसरं टोकही मी पाहिलं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं १९४० च्या सप्टेंबरातल्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरू सुरक्षित झाला आणि मालकाने वाड्याकडे बघणं सोडलं. आमची कौलं गळायची. वडील वरच्या मजल्यावर जाऊन मालकांना सांगायचे, मालक म्हणायचे, "१७ रुपयांत कौलं येतात का जोशीबुवा?" त्यांचंही खरं होतं. भाड्यासाठी नवी घरं बांधायची कुणाला गरज उरली नाही, आहे ती कुणी रिकामी झाली तरी देईना, आणि पुढच्या पिढीने सोसायट्या काढून मालकीची घरं केली. आत्याबाई त्या पिढीच्या. त्यांचा आग्रह त्यांच्या काळात बरोबरच होता.

आता तुमची चूक. दोन आहेत म्हणा, पण मूळ एकच: तुम्ही अकरा वर्षं राहताय आणि वागताय मात्र पुढच्या अकरा महिन्यांपुरतं.

शिल्लक घ्या. अकरा वर्षांत १८ लाख म्हणजे व्याज धरलं नाही तर महिन्याला जेमतेम तेरा-चौदा हजार बाजूला पडले. पूर्वी पगार कमी होते हे कबूल. तरीही, हप्ता भरणारा माणूस नाइलाजाने साठवतो. भाडेकरूला कुणी नोटीस पाठवत नाही, म्हणून उरलेले पैसे स्कूटीत, सहलीत, ऑनलाइन खरेदीत विरून जातात. "पुढे घर घेऊ तेव्हा बघू" म्हणत तुम्ही ना घराचं साठवलंत, ना म्हातारपणाच्या भाड्याचं.

कारण भाडं थांबत नाही. दर वर्षी ५ टक्के वाढ धरली तर २६ हजारांचे अठरा वर्षांनी साडेबासष्ट हजार होतात, म्हणजे आजच्या हप्त्याला गाठतात. वीस वर्षांनी ६९ हजार. हप्ता वीस वर्षांनी संपतो, भाडं संपत नाही, आणि तोवर तुम्ही एकोणसाठच्या असाल. घर न घेण्याचा सल्ला देणारे हा भाग गाळतात, म्हणून मी ठळक सांगते. त्यासाठी पगार झाल्या दिवशीच २५ हजार आपोआप कटतील अशी सोय करा. हाच तुमचा हप्ता समजा. ७ टक्के परतावा धरला, तर वीस वर्षांत हे आणि आजचे १८ लाख मिळून दोन कोटींच्या आसपास जातात. पगार वाढेल तसा हाही वाढवा. तोवर घराच्या किमतीही वाढलेल्या असतील, हे खरं. पण हातात रक्कम असली की तेव्हा निवड करता येईल. आज तुमच्या हातात निवड नाही, नुसता संकोच आहे.

मध्येच घ्यावंसं वाटलं तर? जरूर घ्या. मुलगी बारावी झाली, तुमची शाळा जवळ असण्याची अडचण राहिली नाही, पहिल्या भरण्याचे पैसे स्वतःचे आहेत आणि हप्ता हातातल्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या आत आहे, असं जमून आलं की मला विचारायलाही थांबू नका.

आता करार. अकरा महिने हा आकडा आला कुठून, माहीत आहे? भाडेपट्टा वर्षाच्या पुढे गेला की नोंदणी सक्तीची, हा देशभरचा जुना नियम. ती टाळायला लोक अकरा महिने लिहू लागले. महाराष्ट्रात याला अर्थच नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुम्ही करता तसला, करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, वर मालकाला शिक्षेची तरतूद. म्हणजे नोंदवायचा आहेच, तर ३६ महिन्यांचा का नको? तुमच्या भाड्याला तीन वर्षांच्या कराराचं मुद्रांक शुल्क अडीच हजारांच्या घरात येतं, नोंदणी फी १ हजार. एजंट दर अकरा महिन्यांनी जे मागतो त्याच्याशी ताडून बघा.

मालकाच्या भाच्याला वाटेल, तीन वर्षं दिली तर हे लोक बसतील मांडी ठोकून. हा धसका आमच्या वाड्याच्या काळातला आहे. लिव्ह अँड लायसन्सवाला वारसाहक्क सांगू शकत नाही, आणि मुदत संपूनही राहिला तर दुप्पट भाडं लागतं. जागा परत मिळवायला मालकासाठी सक्षम प्राधिकारी आहे. हे त्याला शांतपणे सांगा. त्याला हवं काय? घर रिकामं पडू नये, दलालीचा फेरा नको, पैसे वेळेवर यावेत. तुमचं तेवढं रेकॉर्ड आहेच.

बोलताना चार गोष्टी लिहून घ्या. वार्षिक वाढ टक्क्यांत ठरवा, "तेव्हा बघू" नको. किमान दीड वर्ष दोन्ही बाजूंनी सोडायचं नाही. मालकालाही तेच बंधन. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे तर किती, ते आजच. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची: मालकाने मध्येच फ्लॅट विकला तर काय? लायसन्स हा जागेत हक्क देत नाही, नुसती राहण्याची परवानगी देतो, त्यामुळे नवा मालक जुन्या कराराला आपोआप बांधील नसतो. म्हणून विकायचं ठरलं तर तीन महिन्यांची लेखी नोटीस आणि डिपॉझिट परत, असं कलम हवंच.

मालक दुबईचे म्हणालात म्हणून एक टोचणी. ते कराच्या दृष्टीने अनिवासी असतील, तर भाड्यातून कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडं देणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते; भाडं लहान असलं तरी. इतकी वर्षं कुणी बोललं नसेल, पण एखाद्या सीएला शंभर टक्के विचारा. नोटीस मालकाला येत नाही, तुम्हाला येते.

आणि करार करताना भाच्याला आणखी एक विचारा: भिंतीला खिळे मारले तर चालतील का? हसेल तो. पण हेही लिहून घ्या, की इतके खिळे, जाताना भोकांत लांबी भरून देऊ. मुलगी तेरा वर्षांची होतेय, तिला भिंतीवर काहीतरी लावायचं असेलच.

मग माळ्यावरून ते दोन खोके खाली काढा. दोन घरं ते तसेच राहिलेत, म्हणजे एका तरी खोक्यात काय आहे ते आता तुम्हालाही आठवत नसणार. काय निघालं ते मला कळवा.

— काकू